मक्यावर बुरशीनाशक मारून खरंच फायदा होतो का, हे तपासायची तयारी

मक्यावर बुरशीनाशक मारलं, पीक जोरदार आलं, आणि मग सगळे म्हणतात औषधाने काम केलं. पण न मारताही तेवढंच आलं असतं का हे कुणी बघितलेलंच नसतं. त्यामुळे तपासून बघायचं मनावर घेतलं असेल तर तयारी सुरू करायची ती न फवारायच्या पट्ट्यापासून, आणि तोही पेरणीच्या वेळीच ठरवून टाकायचा. नाहीतर पुढे करपा दिसला की जीव राहवत नाही, माणूस तो पट्टाही मारून मोकळा होतो आणि वर्षभराची मेहनत वाया जाते.

एक पट्टा मारलेला आणि शेजारी एक न मारलेला, एवढ्यावर काही कळत नाही, कारण दोन शेजारच्या पट्ट्यांत तसाही जमिनीचा, ओलाव्याचा फरक असतोच. कमीत कमी 4 जोड्या तरी ठेवा, आणि प्रत्येक जोडीत कुठला पट्टा फवारायचा हे नाणं उडवून ठरवा, स्वतःच्या मनाने ठरवायला गेलं की नकळत चांगल्या बाजूला फवारणी जाते. शेताला उतार असेल तर पट्टे उताराच्या दिशेने वरपासून खालपर्यंत लांब काढा म्हणजे प्रत्येक पट्ट्याला वरची हलकी आणि खालची भारी दोन्ही जमीन मिळेल. पट्ट्याची रुंदी फवारणीच्या आणि काढणीच्या मशीनला जुळेल अशी धरा, आणि वजन करताना फक्त मधल्या ओळी घ्या, कडेच्या ओळींवर वाऱ्याने औषध उडून आलेलं असतं. बाकी बियाण्याचं वाण, पेरणीचा दिवस, खत, पाणी, अळीसाठीचं औषध, सगळीकडे एकसारखं हवं. आणि हो, ट्रॅक्टरने फवारणार असाल तर न फवारायच्या पट्ट्यातूनही ट्रॅक्टर तसाच रिकामा फिरवा, कारण चाकाखाली जी झाडं मोडतात त्यांचं नुकसान दोन्हीकडे सारखं व्हायला पाहिजे.

आधीच्या पिकाची नोंद आत्ताच करून ठेवा. मक्यावर मका घेतला असेल आणि जुने अवशेष वरच पडलेले असतील तर टर्सिकम करपा आणि ग्रे लीफ स्पॉट हे पानांवर डाग पाडणारे बुरशीचे रोग त्या अवशेषांवर तग धरून बसतात, तांबेरा मात्र तसा टिकत नाही, त्याचे बीजाणू वाऱ्यावर बाहेरून येतात. वाण रोगाला बळी पडणारं आहे की सहनशील, हेही लिहा, कारण सहनशील वाणावर फवारणीचा फरक कमीच दिसतो आणि मग औषधच खराब असा चुकीचा अर्थ निघतो.

तुरा यायच्या आधीच्या 2 आठवड्यांत शेतात चक्कर मारायची, 5 ठिकाणी 20-20 झाडं बघायची. लांबट सिगारसारखे करडे डाग म्हणजे टर्सिकम, शिरांच्या मधे अडकलेले आयताकृती डाग म्हणजे ग्रे लीफ स्पॉट, आणि बोट फिरवल्यावर तांबूस भुकटी लागली तर तांबेरा. जिवाणूमुळे होणारे पट्टे आणि डागही असतात, त्यांच्यावर बुरशीनाशक चालत नाही, म्हणून शंका आली तर पान तपासायला पाठवा, अंदाजाने नाव लिहू नका. नेहमीच्या शेतीत बळी पडणाऱ्या वाणाच्या निम्म्या झाडांवर कणसाच्या खालच्या तिसऱ्या पानापर्यंत किंवा त्याच्याही वर डाग पोचले असतील तर फवारणीचा विचार करतात, पण चाचणीत रोग कमी असला तरी ठरल्याप्रमाणे फवारायचंच, फक्त त्या दिवशी रोग किती होता ते लिहून ठेवायचं.

वेळेवर माझा फार जोर आहे. तुरा पूर्ण बाहेर आल्यापासून कणसाला केस येईपर्यंतचा काळ सगळ्यात कामाचा, कारण दाणे भरायला लागणारं अन्न मुख्यतः कणसाजवळच्या आणि त्याच्या वरच्या पानांतून येतं, ती पानं हिरवी राहिली तर फायदा. दाण्यांना खळगे पडायला लागल्यावर मारून फारसं काही हाती लागत नाही. उलट तुऱ्याच्या बऱ्याच आधी, 12 ते 14 पानांच्या अवस्थेत स्टिकर-स्प्रेडर (औषध पानावर पसरवणारं आणि चिकटवणारं द्रावण) मिसळून मारलं तर कणसाची वाढ खुंटल्याचं दिसून आलेलं आहे, तेव्हा ते टाळा.

औषध मक्यासाठी लेबलवर मंजूर असलेलंच घ्या, मात्रा लेबलचीच, आणि काढणीच्या किती दिवस आधी फवारणी थांबवायची हे धान्यासाठी आणि चाऱ्यासाठी वेगवेगळं असू शकतं ते दोन्ही वाचा. अझॉक्सीस्ट्रोबिनसारखं स्ट्रोबिल्युरिन आणि एखादं ट्रायझोल, म्हणजे बुरशीनाशकांच्या दोन वेगळ्या गटांतली औषधं, असं मिश्रण असेल तर बुरशीत प्रतिकार तयार व्हायचा धोका एकट्या औषधापेक्षा कमी राहतो. टाकीत टॉनिक, पानांवरचं खत, कीटकनाशक काहीही ढकलू नका! नंतर फरक दिसला तर तो कशाचा ते सांगताच येणार नाही. आदल्या दिवशी नुसतं पाणी भरून मोजलेल्या जागेवर पंप चालवून बघा, किती पाणी जातं ते मोजा, गळके नोझल बदला, आणि कणसाच्या उंचीवर पाण्याने रंग बदलणारा कागद लावून तिथपर्यंत थेंब पोचतात का ते बघा. हातमोजे, मास्क, वारा शांत असलेली वेळ, हे काही वेगळं सांगायला नको.

रोगाचं मोजमाप करणाऱ्याला कुठला पट्टा फवारलेला आहे हे माहीत नसावं, म्हणून खुंट्यांवर फक्त नंबर टाका आणि कुठला नंबर फवारलेला ती यादी वहीत ठेवा. खळगे पडायच्या अवस्थेत कणसाच्या पानाचा किती टक्के भाग डागांनी गेला ते लिहा. पक्वतेला खोड हाताने साधारण 30 अंश ढकलून बघा, परत उभं न राहणारी आणि मोडणारी झाडं मोजा, कारण पानं करपली की झाड खोडातलं अन्न ओढून दाण्यांना देतं आणि खोडकूज वाढते.

काढणीला वजनकाटा आणि मॉइश्चर मीटर दोन्ही पाहिजेत, आणि मीटर आधी तपासून घ्या. फवारलेला मका जास्त दिवस हिरवा राहतो, दाण्यात ओलावा जास्त असतो, त्यामुळे कच्चं वजन फसवतं. वजनाला 100 वजा मोजलेला ओलावा याने गुणायचं आणि 100 वजा ठरवलेला ओलावा याने भागायचं. म्हणजे 20 टक्के ओलाव्याचे 100 किलो 14 टक्क्यांवर आणले तर साधारण 93 किलोच भरतात.

शेवटी प्रत्येक जोडीतला फरक वेगवेगळा काढा. चारही जोड्यांत फवारलेला पट्टा पुढे असेल तर त्याला वजन आहे, पण एका जोडीत खूप पुढे आणि बाकी खालीवर असेल तर नुसत्या सरासरीवर विश्वास ठेवू नका, आकडेमोड येणाऱ्या कुणाकडून जोडीवार टी-टेस्ट (फरक खरा की नुसता योगायोग हे तपासायचं गणित) करून घ्या. मग औषध आणि फवारणीचा एकूण खर्च मक्याच्या भावाने भागा, निदान तेवढं धान्य जास्त आलं तरच पैसे वसूल. कोरडं वर्ष गेलं, रोग आलाच नाही आणि फरक शून्य निघाला, तरी तो आकडा खोडू नका, पावसाच्या नोंदीसकट वहीत ठेवा आणि पुढच्या हंगामात त्याच पद्धतीने परत पट्टे आखा.