पटिंग: आधी अंतर, मग लाइन

गोल्फमध्ये पार ७२ च्या, म्हणजे अठरा होल ७२ फटक्यांत पुरे व्हावेत अशा कोर्सवर दर ग्रीनला (होलभोवतालच्या बारीक कापलेल्या हिरवळीला) दोन पट (चेंडू होलाकडे घरंगळवणारे हलके फटके) धरलेले असतात, म्हणजे ३६ फटके. निम्मा स्कोअर! तरी माझ्याकडे शिकायला येणारी बहुतेक मंडळी तासभर ड्रायव्हर (लांब फटक्याची काठी) मारतात आणि पटरला (पट मारायच्या काठीला) पाच मिनिटं देतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं. पटिंगला ताकद लागत नाही, वयही आड येत नाही.

एकाच ग्रीनवर तीन पट लागतात ते बहुधा वेग चुकल्यामुळे. तीस फुटांवरून दिशा फूट-दोन फूट हुकते. पण जोर चुकला तर चेंडू सहा-सात फूट अलीकडे राहतो नाही तर पुढे निघून जातो. म्हणून सरावाच्या ग्रीनवर आधी होल विसरा. दहा, वीस आणि तीस फुटांवर एकेक टी (चेंडू ठेवायची छोटी खुंटी) खोचा. एक चेंडू पहिल्या टीपाशी, पुढचा तिसऱ्यापाशी, मग मधल्यापाशी असा थांबवत राहा. एकाच अंतरावर सलग मारू नका. खेळताना तोच पट पुन्हा मिळत नसतो. लांब पटसाठी पटर जास्त मागे न्या, पण लय तीच ठेवा. हालचाल खांद्यांची, मनगटं शांत. ग्रिप इतकी हलकी धरा की कोपरापर्यंत ताण जाणवणार नाही.

चार फुटांच्या आत मात्र दिशाच सगळं ठरवते, आणि चेंडू कुठे निघणार हे मुख्यतः पटरच्या फेसवर (चेंडूला लागणाऱ्या सपाट बाजूवर) असतं. पटरच्या डोक्याहून जरा जास्त अंतर सोडून दोन टी खोचा आणि त्यांना न शिवता फटका मारा. चेंडू गेल्यावरही नजर त्याच जागी. होलात पडला की नाही, ते कानांनी कळू द्या.

लाइन (चेंडूची होलापर्यंतची वाट) वाचताना होलभोवतालचे शेवटचे तीन-चार फूट नीट बघा, कारण चेंडू मंदावला की सर्वात जास्त वळतो. बर्म्युडा गवत असेल तर ग्रेनही (गवत झुकण्याची दिशा) बघायला हवा. तुमच्या बाजूने गवत चकाकतंय, तर ते पुढच्या दिशेला झुकलंय आणि चेंडू पळेल. गडद दिसलं तर अडेल. होलची कड एका बाजूला झिजून तपकिरी झालेली असते. गवत त्या बाजूला वाढतंय असं समजा. चांगले कॅडी (खेळाडूची बॅग वाहणारे मदतनीस) हे न बोलता बघून घेतात, त्यांना जरूर विचारा.

वाटेतले बुटांच्या स्पाइक्सचे ओरखडे बिनधास्त नीट करा, २०१९ पासून नियमात ते चालतं. झेंडाही होलात ठेवून पट मारता येतो. लांबून मी तो काढत नाही, अंतराचा अंदाज येतो.

जमल्यास सकाळी लवकर सरावाला या. दवावर चेंडूचा माग उमटतो आणि तो नेमका कुठून वळला ते दिसतं. पण ओलं ग्रीन संथ असतं, ऊन चढलं की वेग बदलतो. पहिल्या टीवर, म्हणजे खेळ सुरू करायच्या जागी, जाण्याआधी चार लांब पट मारून तो पुन्हा जोखा.