माणदेशातला रब्बी : सौरपंप बसला, आता विहीर मोजा

परतीचा पाऊस उघडला की आटपाडी, सांगोला, माण, जतच्या माळावर वापसा (पेरणीजोगी ओल) फार दिवस टिकत नाही. ज्वारीची पेरणी 15 ऑक्टोबरच्या आत उरका. हलक्या रानात फुले अनुराधा, मध्यम रानात मालदांडी किंवा फुले सुचित्रा हे वाण घ्या. किलोभर बियाण्याला 4 ग्रॅम गंधक चोळा, काणी या बुरशीच्या रोगाला आळा बसतो.

खरी काळजी आहे ती पाण्याची. 'मागेल त्याला सौर कृषीपंप' योजनेत 10 टक्के रक्कम भरून (अनुसूचित जाती-जमातींना 5 टक्के) पंप मिळतो. रात्री-अपरात्री दारं धरायला (पिकाला पाणी द्यायला) जाणं सुटलं, हे फार चांगलं झालं. पण बिल नाही म्हणून पंप ऊन चढल्यापासून मावळेपर्यंत उपसत राहतो, आणि माळावरच्या विहिरीला तेवढे झरे नसतात. दर आठवड्याला पहाटे, पंप सुरू होण्याआधी, दोरीला दगड बांधून पातळी मोजा आणि गोठ्याच्या भिंतीवर तारखेसह खडूने लिहा. आठवड्यागणिक पाणी खाली जात असेल तर उपसा लगेच कमी करा. ज्वारीला एकच पाणी निघणार असेल तर ते पोटरीत, म्हणजे कणीस बाहेर पडण्याआधी, 50 ते 55 दिवसांनी द्या.

पॅनेलवरची धूळ सकाळी, काच गार असताना पुसा. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतलं तर तडा जाऊ शकतो.

टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी कराडजवळ कृष्णेतून टप्प्याटप्प्याने उचलून आणतात. त्याच्या वीजबिलाचे 81 टक्के सरकार भरतं, 19 टक्के शेतकरी. एवढ्या खर्चाने चढवलेलं पाणी उसाच्या सरीत मोकळं सोडणं मला पटत नाही. आवर्तन (कालव्याच्या पाण्याची पाळी) आलं की आधी कडब्याची ज्वारी, मका आणि ठिबकवरचं डाळिंब भिजवा. 2018-19 च्या दुष्काळात दावणीची जनावरं चारा छावणीत न्यावी लागली, ते आठवा.

खरीप ज्वारी कापलेल्या रानात कोवळे फुटवे आले असतील तर मेंढरं किंवा खिलार गुरं सोडू नका. ताण बसलेल्या फुटव्यात सायनाइडचं विष तयार होतं. जनावराला धाप लागते, ते थरथरतं आणि बघता बघता दगावतं. तशी लक्षणं दिसली तर घरगुती उपायात वेळ घालवू नका, पशुवैद्यकाला बोलवा.

पवनचक्की किंवा सौर प्रकल्पासाठी कुणी माळ भाड्याने मागितला तर भाडं चांगलं मिळेलही, पण करारात चराईचा हक्क, मेंढरांची वाट आणि ओढ्याचा प्रवाह लेखी घ्या. सही करण्याआधी वस्तीवरच्या मेंढपाळांना सोबत नेऊन त्या वाटा नकाशावर दाखवून घ्या.