गाय उलटते? आधी तिची पाठ पाहा

जास्त दुधाची गाय उशिराच गाभण जाते, असं आमच्या नागपूरजवळच्या हिंगण्याकडे कोणीही सांगेल. ते अर्धंच खरं. दुधापेक्षा, दूध देता देता गाय किती वाळते यावर सगळं ठरतं.

व्यायल्यावर सहा ते आठ आठवड्यांत दूध शिगेला पोचतं. भूक मात्र पुरती उघडायला दहा-बारा आठवडे लागतात. मधली तूट गाय अंगच्या चरबीतून भरते. तूट मोठी झाली की माज येत नाही, आला तर मुका येतो, म्हणजे बाहेरून कळत नाही, आणि भरवली (रेतन केलं) तरी उलटते, म्हणजे गर्भ न राहता पुन्हा माजावर येते. अशा वेळी लोक इंजेक्शन शोधतात. मी आधी गाईच्या मागे जाऊन उभा राहतो.

शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी हात फिरवा. तिथे खोल खड्डा लागला आणि पाठीचे मणके बोटांनी मोजता आले, तर गाय वाळली. हाताला मऊ चरबी लागली तर ती लठ्ठ. शेवटच्या एक-दोन बरगड्या दिसल्या तर घाबरू नका. सगळ्या दिसता कामा नयेत. विताना गाय लठ्ठ असणंही वाईटच, कारण अशी गाय पुढे कमी खाते आणि भराभर उतरते. म्हणून भाकडकाळात (दूध आटल्यापासून वितेपर्यंत) अंग राखायचं, चढवायचं नाही.

खुराकाचा (ढेप, भरडा यांचा) ढोबळ हिशेब असा: अंगासाठी दीड-दोन किलो, आणि वर दर अडीच लिटर दुधामागे एक किलो. वितायच्या आधी दोन-तीन आठवडे थोडा थोडा सुरू करा, म्हणजे पोटाला सवय होते. व्यायल्यावरही हळूहळूच वाढवा. एकदम भरडा ओतला की शेण पातळ होतं आणि भूकच मरते.

आपल्याकडे सरकीची ढेप मिळते, फॅटही बरी लागते, म्हणून टोपलं भरभरून ढेपच घालणारे आहेत. ढेपेत प्रथिनं भरपूर असतात, पण त्यांच्या जोडीला ऊर्जा नसेल तर रक्तात युरिया वाढतो, गर्भाशयातलं वातावरण बिघडतं आणि राहिलेला गर्भ टिकत नाही. ढेपेसोबत मक्याचा किंवा ज्वारीचा भरडा हवाच. तूर-सोयाबीनच्या कुटारानं (मळणीनंतरच्या भुशानं) पोट भरतं, पण ताज्या व्यायलेल्या गाईला त्यावरच ठेवू नका. हिरवा चारा किंवा मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा) तिच्या वाट्याला आधी. रोज 50 ग्रॅम खनिज मिश्रण द्या. ते महाग वाटतं खरं, पण माजाची एक पाळी चुकली की 21 दिवसांचा खुराक वाया जातो.

गाय खुराक सोडून नुसता कडबा चघळते आणि तोंडाला गोडसर वास येतो, तर त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा. तिची चरबी फार वेगानं वितळते आहे. माजातला सोट (योनीतून येणारा चिकट स्राव) काचेसारखा स्वच्छ न येता पांढरट, पुवासारखा आला तर भरवू नका. तो गर्भाशयाचा आजार, चाऱ्यानं बरा होत नाही. आम्हाला त्यासाठी नागपूरच्या सेमिनरी हिल्सचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ पडतं.

उन्हाळ्याचं वेगळंच. नवतपात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) पारा 45च्या वर जातो, गाय दुपारी खातच नाही, माजही थोडाच वेळ राहतो आणि बहुधा रात्री दिसतो. खुराक पहाटे आणि रात्री टाका, पाणी सावलीत आणि भरपूर ठेवा, आणि झोपण्याआधी कोठ्यात एक चक्कर माराच. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी.

व्यायल्यावर पहिले दोन महिने भरवायची घाई नको, गर्भाशयाला सावरू द्या. मात्र त्या दोन महिन्यांतले माज वहीत लिहून ठेवा. एकही माज नोंदला गेला नसेल, तर पुन्हा गाईच्या पाठीवर हात फिरवा आणि मग डॉक्टरांकडून तपासून घ्या.