पाटीवरचे वॉट आणि प्रत्यक्षात मिळणारे वॉट

आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन ट्रेडला नव्याने प्रवेश घेतलेल्यांना व्होल्टेजला करंटने भागले की रोध मिळतो आणि दोघांचा गुणाकार केला की शक्ती मिळते, हे वेगळे सांगायला नको. घोटाळा होतो तो उदाहरणात व्होल्टेज बदलले की. मीही तिथे बराच काळ अडलो होतो, म्हणून तेवढाच मुद्दा सविस्तर लिहितो.

हीटरच्या पाटीवर 230 व्होल्ट, 1000 वॉट असे लिहिलेले आहे आणि घरात 180 व्होल्टच मिळत आहेत, तर करंट किती? पुष्कळ मुले 1000 ला 180 ने भागून 5.56 अँपिअर असे उत्तर लिहितात आणि ते साफ चुकते. 1000 वॉट हा आकडा फक्त 230 व्होल्टपुरता खरा असतो. जवळपास कायम राहतो तो कॉइलचा रोध. म्हणून आधी 230 चा वर्ग करून त्याला 1000 ने भागावे, म्हणजे रोध 52.9 ओम येतो. मग 180 ला 52.9 ने भागले की करंट 3.4 अँपिअर मिळतो आणि शक्ती उरते सुमारे 612 वॉट. व्होल्टेज 22 टक्क्यांनीच उतरले, पण शक्ती 39 टक्क्यांनी घटली, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. पाणी तापायला लागणारा जास्तीचा वेळ हा याच वर्गाचा परिणाम आहे. व्होल्टेज, करंट आणि रोध यांची अक्षरे मांडलेला सूत्राचा त्रिकोण काढून एका अक्षरावर बोट ठेवण्याची युक्ती मला मुळीच पसंत नाही. कोणता आकडा कोणत्या व्होल्टेजचा आहे, हे तो त्रिकोण कधीच सांगत नाही.

हीटरचा हिशेब जमला की तोच मोटारीला लावण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात एकाच डीपीवरचे, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवरचे, पंप एकदम सुरू झाले आणि व्होल्टेज उतरले, तर हीटरचा करंट कमी होईल, पण पंपाचा वाढेल. कारण उपसायचे पाणी तेवढेच असते आणि ते काम पुरे करण्यासाठी मोटार जास्त करंट ओढते. करंट सव्वापट झाला तर वाइंडिंगमधील, म्हणजे मोटारीतल्या तारेच्या वेटोळ्यांमधील, उष्णता करंटच्या वर्गाप्रमाणे दीडपटीहून अधिक होते, आणि कमी व्होल्टेजवर मोटारी जळतात त्या यामुळेच. मल्टिमीटरने वाइंडिंगचा रोध मोजून व्होल्टेजला त्याने भागल्यास चालत्या मोटारीचा करंट मिळत नाही. फिरणाऱ्या मोटारीत विरोधी विद्युतदाबही निर्माण होत असतो. करंट टाँग टेस्टरनेच, म्हणजे तारेभोवती चिमटा लावून करंट दाखवणाऱ्या मीटरनेच, पाहावा. गाइडमधली सोडवलेली उदाहरणे पाठ करण्यापेक्षा रिवाइंडिंगच्या दुकानात अनुभवी कारागिराच्या हाताखाली बसणे कितीतरी उपयोगाचे आहे, असे माझे ठाम मत आहे.

हे सारे पहिल्या सत्रातच उमगले नाही, तरी धीर सोडू नये. मीटर हातात येऊ लागले की आकडे आपोआप जागेवर बसतात. फक्त सिंगल फेज मोटारीचे वॉट काढताना पॉवर फॅक्टर, म्हणजे व्होल्ट आणि अँपिअरच्या गुणाकारातला प्रत्यक्ष शक्तीचा वाटा, विसरू नये. 230 व्होल्ट, 8 अँपिअर आणि पॉवर फॅक्टर 0.8 असेल, तर शक्ती 1840 नव्हे, 1472 वॉट येते.