रोममध्ये तिकिटाविना एक दिवस

रोममध्ये एखादा दिवस ठरवलेला नसेल, तर कोलोसियमची तिकिटं बहुतेक आधीच संपलेली असतात. अशा वेळी सरळ चर्चकडे वळा. जगातली अव्वल चित्रं तिथे फुकट पाहायला मिळतात.

१. सकाळी मेट्रोने फ्लामिनिओला उतरा. समोरच्या सांता मारिया देल पोपोलोमध्ये इटालियन चित्रकार काराव्हाज्जोची दोन मोठी चित्रं आहेत.

२. तिथून चालत सान लुईजी देई फ्रान्चेझी गाठा. इथे त्याचीच तीन चित्रं आहेत, संत मॅथ्यूची. हे चर्च मुळीच चुकवू नका! चित्रं असलेल्या चॅपलमध्ये, म्हणजे चर्चमधल्या छोट्या प्रार्थनाकक्षात, अंधार असतो. पेटीत नाणं टाकलं की थोडा वेळ दिवा लागतो. म्हणून सुटे युरो जवळ ठेवा.

३. दुपारी बरीच चर्च काही तास बंद असतात. तो वेळ नव्होना चौकात आणि आसपासच्या गल्ल्यांत घालवा.

४. चार वाजल्यानंतर सान पिएत्रो इन व्हिन्कोली चर्चमध्ये मायकेलअँजेलोचा मोझेसचा पुतळा.

पाणी विकत घेऊ नका. रस्त्यांवरच्या लोखंडी नळांचं पाणी पिण्याचंच असतं. तोटीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या भोकातून धार येते.

मात्र चर्चमध्ये जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. उन्हाळ्यात एक ओढणी पिशवीत असू द्या.