मोटरहोममधला गॅसचा फ्रिज काढून घरगुती फ्रिज बसवायचा तर

अमेरिकेतल्या फिनिक्सला जूनमध्ये पारा ११० फॅरनहाइटच्या वर गेला की आमच्या मोटरहोममधला, म्हणजे राहायच्या गाडीतला, गॅसचा फ्रिज हात टेकायचा. आतलं तापमान ५० च्या खाली येईना. दूध-दही, शिजवलेलं अन्न ठेवायचं तर ४० किंवा त्याहून कमी हवं. म्हणून तो काढला आणि १८ घनफुटांचा साधा घरगुती फ्रिज बसवला. काम दोघांना जमण्यासारखं आहे, पण आधी दुकानात धावू नका. सुरुवात बॅटऱ्यांपासून करा, बाहेरची वीज नसली की इन्व्हर्टर लावून घरगुती फ्रिज त्यांच्यावरच चालणार.

जुना फ्रिज टाकाऊ आहे असं मुळीच नाही. अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन एवढ्यावर चालणारी ही युक्ती १९२२ मध्ये स्वीडनमधल्या फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी काढली. कॉम्प्रेसर नाही, आवाज नाही. प्रोपेनची छोटी ज्योत किंवा विजेचा हीटर पुरतो. फक्त गाडी समतल हवी, नाहीतर आतला द्रव नीट परत वाहत नाही आणि ज्योतीवरचा बॉयलर जास्तच तापतो. तुम्ही थंड डोंगरात, विजेच्या जोडणीशिवाय आठवडेच्या आठवडे राहत असाल, तर मी म्हणेन तोच ठेवा. १२ व्होल्टवर थेट चालणारे कॉम्प्रेसर फ्रिजही मिळतात, जुन्याच कोनाड्यात बसतात, पण महाग. आम्ही बहुतेक रात्री कॅम्पग्राउंडवर वीज घेतो, म्हणून घरगुती परवडला.

आता हिशेब. असा फ्रिज दिवसाला साधारण १.२ युनिट वीज खातो (युनिट म्हणजे आपलं महावितरणच्या बिलातलंच). १२ व्होल्टला ते झाले १०० अँपिअर-तास. इन्व्हर्टरची स्वतःची भूक धरली तर १२५-१३०. कडक उन्हाळ्यात आणखी. लेड-ॲसिड बॅटरी अर्ध्याच्या खाली उतरवायची नाही, तेव्हा नुसत्या फ्रिजसाठी २५० हून जास्त हवेत. आमच्याकडे गोल्फ कार्टच्या ६ व्होल्टच्या चार बॅटऱ्या आहेत, एकूण ४४० अँपिअर-तास. दिवे, पाण्याचा पंप धरून एक दिवस-रात्र निभावते. तुमच्याकडे एकच बॅटरी असेल तर पहिला खर्च तिथे.

इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचाच, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा घ्या. स्वस्तातल्यावर कॉम्प्रेसर गरम होतो आणि कंट्रोल बोर्ड जायची भीती. चालू फ्रिज १००-१५० वॅटच घेतो, पण सुरू होताना क्षणभर कितीतरी पट ओढतो, आणि बर्फ वितळवणारा हीटर लागला की काहीशे वॅट जातात. १००० वॅटचा पुरतो. बॅटरीपासून तारा जाड आणि आखूड ठेवा, आणि पॉझिटिव्हवर बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज बसवा.

मग टेप घ्या. कोनाड्याची रुंदी, उंची, खोली मोजा, आणि फ्रिजच्या माहितीपत्रकात बाजूला नि वर किती मोकळी जागा सांगितली आहे तेही बघा. पण खरी मेख दारात आहे: मोटरहोमचं दार जेमतेम दोन फुटांचं. आम्ही बाजूची मोठी खिडकी काढली. आतल्या चौकटीचे स्क्रू काढले की खिडकी बाहेरून अलगद सुटते. बाहेर धरायला माणूस मात्र उभा हवा. परत बसवताना जुना चिकटा पूर्ण खरवडून नवी ब्युटाइल टेप (पाणी अडवणारी चिकट रबरी पट्टी) लावा, नाहीतर पहिल्या पावसात भिंत ओली.

जुना काढताना आधी टाकीवरचा प्रोपेन बंद. बाहेरची खालची जाळी काढली की गॅसची नळी, १२ व्होल्टच्या तारा आणि प्लग दिसतो. दोन पाने लावून नळी सोडवा आणि तिच्या तोंडावर पितळी फ्लेअर टोपी (गॅसच्या नळीचं तोंड बंद करायचं आट्यांचं झाकण) घट्ट बसवा. नुसता व्हॉल्व्ह बंद करून किंवा टेप गुंडाळून चालत नाही. टाकीचा व्हॉल्व्ह उघडून साबणाच्या पाण्याने तपासा. एकही बुडबुडा दिसता कामा नये. गॅसला हात लावायचा सराव नसेल तर एवढंच काम टेक्निशियनला द्या. मागे पिवळी पूड दिसली तर ते क्रोमेट आहे, विषारी. हातमोज्याशिवाय शिवू नका.

तिथला प्लग पॉइंट बऱ्याच गाड्यांत फक्त बाहेरच्या विजेवर किंवा जनरेटरवर चालतो. तो इन्व्हर्टरवर घ्या. खालची जाळी आणि छतावरची चिमणी आतून फोमच्या पाट्यांनी बंद करा. नव्या फ्रिजला बाहेरची धूळ-ऊन नको, त्याला स्वयंपाकघरातली हवा लागते. कोनाड्याचा तळ कापून उंची मिळवायची असेल तर खाली फर्नेस किंवा चाकाची कमान नाही ना, ते आधी बघा.

फ्रिज पक्का करताना बाजूच्या पत्र्यात ड्रिल अजिबात घालू नका. कंडेन्सरच्या नळ्या तिथेच असतात, आणि हल्ली त्यांत आयसोब्युटेन असतो, पेट घेणारा. खालच्या चाकांच्या पट्टीला कोनी पट्ट्या लावून जमिनीला बोल्ट करा, आणि वर बिजागरीच्या स्क्रूंचा आधार घ्या. दाराला चालत्या गाडीसाठी कडी हवीच. आमच्या ह्यांनी लहान मुलांसाठीचं कुलूप लावलं, वळणावर लोणच्याची बरणी अजून जागची हललेली नाही.

फ्रिज आडवा करून आणला असेल तर काही तास उभा ठेवा, मगच सुरू करा. एक दिवस रिकामा चालवा, पाण्याच्या ग्लासात थर्मामीटर ठेवून. बर्फाचं यंत्र मी जोडलंच नाही. नळी ओढा, हिवाळ्यात गोठू नये म्हणून रिकामी करा, एवढी उस्तवार कोण करणार? दोन ट्रे पुरतात.