दिल्लीत सीताफळ मागताना

दिवाळीच्या आधी पाहुणे यायचे होते, म्हणून सीताफळाची बासुंदी करायचं ठरवलं आणि गल्लीतल्या आठवडी बाजारात गेले. "भैया, सीताफल है?" त्यानं सुरा उचलला. "कितना काट दूँ?" समोर तांबड्या भोपळ्याचा अर्धा डेरा, आत पिवळाधमक, बिया लोंबताहेत. दिल्लीत भोपळ्यालाच सीताफळ म्हणतात. आपल्या सीताफळाला इथे शरीफा.

तेव्हापासून आमच्या सांगलीकडून नवीन आलेल्या मुलीला मी पहिल्यांदा हेच सांगते: अनोळखी नावांना भिऊ नकोस, ओळखीच्या नावांपासून जप. टिंडा म्हणजे ढेमसं, कुंदरू म्हणजे तोंडली, सहजन म्हणजे शेवगा, घिया म्हणजे दुधी; एकदा जोडी लावली की झालं. घोळ घालतात ती कानाला सारखी वाटणारी.

पडवळ हवं असेल तर 'परवल' ऐकून मान डोलावू नकोस. परवल बोटभर, तोंडल्याच्या थोरल्या भावासारखं. पडवळाला चिचिंडा म्हणायचं. अळू मागितलंस तर भैया बटाटे तोलायला लागेल. वड्यांसाठी 'अरबी के पत्ते' माग. (बटाटा हा शब्द आपल्याला पोर्तुगीजांनी दिला. इथे तो चालत नाही.) चौलाई ऐकून चवळीच्या शेंगांची वाट बघू नकोस, ती माठाच्या जातीची पालेभाजी. चवळीचे दाणे हवेत तर लोबिया. दोडका हवा असेल तर नुसतं 'तोरी' म्हटलंस की बहुतेक घोसाळी पदरात पडतील, 'धारीवाली' म्हण. आणि शेपू म्हणजे सोया! मी महिनाभर सोयाबीनचा पाला समजून पुढे जात होते.

आपण वांग्या-भोपळ्याला फळभाजी म्हणतो, ते मला फार आवडतं. फळ की भाजी हा वादच एका शब्दात मिटला. इथे सगळी सब्जी. मूळ फारसी शब्द 'सब्ज', म्हणजे हिरवा. तांबडा भोपळासुद्धा हिरवाच म्हणायचा!

नाव आठवलं नाही तर बोट दाखव, नाहीतर फोनवरचा फोटो. शरीफा मात्र हातात घेऊन बघ: डोळे उघडलेले असले आणि बोटाला जरासा दबला, तरच घे.

त्या दिवशी भैयानं सुरा उचललाच होता, म्हणून अर्धा किलो भोपळा घेऊन आले. पाहुण्यांना घारगे वाढले.